दोन रकाने

"तुमचे भाऊ परवाच घेऊन गेले की," औषधवाला म्हणाला आणि तिने काउंटरवर ठेवलेलं रिकामं पाकीट त्याने दोन बोटांनी परत तिच्याकडे सरकवलं. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. मागच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध हवं होतं, ते काढायला तो वळलासुद्धा. पण तिचा हात पर्समध्ये होता तिथेच राहिला. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती आणायची. दूध, विजेचं बिल, नळवाल्याच्या मागे लागणं हे दादाकडे आणि औषधं तिच्याकडे, असं बाबा गेले त्याच वर्षी ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडण्याइतका उत्साह दादाच्या अंगात कधीच नव्हता. मग परवा त्याला काय सुचलं? आईला विचारता आलं असतं. दादालाही विचारता आलं असतं. "तरी एक द्या," ती म्हणाली. औषधवाल्याच्या भुवया किंचित वर गेल्या असं तिला वाटलं. म्हणजे यालाही काही ठाऊक आहे का? पाकीट पर्समध्ये टाकून ती रस्त्यावर आली तेव्हा, आपण कुणालाच काही विचारणार नाही, हे तिचं तिला कळून चुकलं होतं.

विचारलं की उत्तर बदलतं, असा तिचा अनुभव होता; माणसांचा कमी, यंत्रांचा जास्त. तिचं काम चारचौघांत सांगायची सोय नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं त्याच्या पुष्कळ खाली, जिथे कुणी बघायला जात नाही तिथे, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. त्या कर्नेलच्या नेटवर्कच्या भागात, जिथे बाहेरून आलेली माहितीची पॅकेटं एकमेकांच्या अंगावर पडत धावत असतात, तिथल्या चुका ती शोधायची. साध्या चुका नव्हेत. साधी चूक रोज होते, त्याच जागी होते आणि पकडली की मुकाट्याने कबूल करते. हिच्या वाट्याला यायच्या त्या दुसऱ्याच जातीच्या. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालतात. एक ती वापरत असतो, तेवढ्यात दुसरा ती फेकून देतो, आणि दोघांच्या हातांत पापणी लवायच्याही आतलं अंतर असतं. हजारो वेळा काही होत नाही. मग एकदा होतं आणि मशीन आडवं होतं. तेही भलत्याच जागी, भलत्याच कुणाच्या कोडमध्ये, ज्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो. जिथे पडतं तिथे चूक नसते, हे ती नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. संशय हा माझा स्वभाव नाही, हत्यार आहे, असंही सांगायची. नवरा घरी हे ऐकून हसायचा. चष्मा जागेवर नसला तरी तू घरातल्या सगळ्यांचे जबाब घेतेस, म्हणायचा. आणि दादा तर लहानपणापासून तिला फौजदारच म्हणायचा.

वाटीची युक्तीसुद्धा तिचीच. आई एकटी राहायची. त्या घरात ती लग्न होऊन आली होती आणि तिथून हलायचं नाव काढलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. सकाळी चहानंतर एक गोळी, एवढंच पथ्य. पण तेवढंही तिच्या लक्षात राहीना. घेतली का, विचारलं तर म्हणायची, घेतली असेल. मग हिने स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टीलची एक वाटी ठेवली. गोळी पोटात गेली की वाटी पालथी. रात्री झोपताना आईने ती पुन्हा सरळ करायची. ज्याला गोळी द्यायची आहे त्याने आधी वाटी बघायची; पालथी असेल तर हात लावायचा नाही. दादा मोटार चालवायला शिकवायचा. सकाळी एखाद्या शिकाऊ माणसाने दांडी मारली किंवा लवकर आटोपलं की मागच्या जिन्याने सरळ आईच्या स्वयंपाकघरात शिरायचा. त्याच्या येण्याला काही ताळतंत्र नव्हतं. ही ऑफिसच्या वाटेवरून आईला फोन करायची. फोन बाहेरच्या खोलीत, त्याच्याशेजारी गोळ्यांचं पाकीट आणि झाकून ठेवलेला पाण्याचा पेला. "वाटी कशी आहे?" "सरळ." "मग घे गोळी, मी थांबते." पलीकडून पेल्याची हालचाल ऐकू यायची, घोट ऐकू यायचा. "आता वाटी पालथी घाल." "घालते गं." "बरं, ठेवते." किती सोपं, किती स्वच्छ. ऑफिसात प्राध्यापकाला तिने हे रंगवून सांगितलं होतं. प्राध्यापक म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. साधी वेळ विचारली तरी घड्याळाच्या इतिहासापासून सुरुवात करायचा, म्हणून ते नाव. त्यानेही मान डोलावली होती. छान आहे, म्हणाला होता.

आणि एवढं सगळं असून आईला चक्कर यायला लागली होती. खुर्चीतून उठताना ती हात भिंतीला लावायची. बोलता बोलता मध्येच थांबायची, डोळे मिटून घ्यायची, आणि मग हसून दुसराच विषय काढायची. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार उतरलेला दिसतोय, गोळी एकच घेतात ना? एकच, ती ठामपणे म्हणाली. वाटी होती ना. दादा तेव्हा शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर किल्ली बोटाभोवती फिरवत तो म्हणाला, "आता हिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे नेतो." तो ते इतक्या सहज म्हणाला की आधी कितीतरी वेळा मनात म्हणून झालं असावं. आईची संमती? ती काय, दोन वेळा अजून चक्कर आली की देईल. हे वाक्य दादाने उच्चारलं नव्हतं. ते तिच्या डोक्यात उच्चारलं गेलं, आणि एकदा उच्चारलं गेल्यावर दादाचंच होऊन बसलं. त्यातून परवाचं ते पाकीट. आईच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागे, तिला ते सापडलं. तेच नाव, तोच रंग, काही घरं फुटलेली. ती ते उन्हाकडे धरून बघत राहिली. बाहेरच्या खोलीत एक पाकीट असताना इथे लपवून दुसरं कशाला? लपवून हा शब्द तिने जरा वेळाने मनातल्या मनात खोडला आणि पुन्हा लिहिला.

लहानपणी एकदा भाजी खारट झाली होती. आई पाहुण्यांच्या गडबडीत होती, जाताजाता म्हणाली होती, मीठ घाला रे भाजीत. कुणाला म्हणाली होती? हिने घातलं. दादानेही घातलं होतं. त्याने मुद्दाम घातलं, आपल्याला बोलणी बसावीत म्हणून आपल्यामागून येऊन घातलं, हे तेव्हा तिने मनात पक्कं धरलं आणि इतक्या वर्षांत त्यावर धूळसुद्धा बसू दिली नाही. बाबांनी ताट सरकवलं होतं. पाहुणे पाणी पीत होते. आई मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत ती भाजी खात होती, हे चित्र त्यात कुठेतरी कडेला होतं; त्याच्याकडे बघायचं कधी कारण पडलं नव्हतं. तिला आठवायचा तो दादाचा चेहरा. निरागस, गोल, तोंड भरलेलं. तो चेहरा आता पन्नाशीला आला होता आणि डॉक्टरच्या दाराबाहेर किल्ली फिरवत होता.

तिने आठवडाभर आईकडेच राहून काम करायचं ठरवलं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, अशा कोनात की स्वयंपाकघराचं मागचं दार दिसावं. रोज सकाळी स्वतः गोळी दिली, स्वतः वाटी पालथी घातली आणि वाट बघत बसली. दादा यायचा. दार ढकलायचा, खिडकीकडे नजर टाकायचा, "झाली ना? बरं, निघतो," म्हणायचा, आणि एका हाताने कडी धरलेली असतानाच वळायचा. जिन्यावरून त्याच्या चपला खाली गेलेल्या ऐकू यायच्या. आठवडाभरात चलाखी नाही, चोरटेपणा नाही, काही नाही. आणि आईला चक्कर नाही. एकदाही नाही! आई ताठ चालत होती, शब्दकोड्यातले आडवे-उभे शब्द भराभर सांगत होती. दुसरं कुणी असतं तर सुटकेचा श्वास टाकला असता. तिने मात्र उलटाच हिशेब मांडला. मी बघते तेव्हा हा देत नाही. म्हणजे मी बघत नाही तेव्हा देतो.

ऑफिसातही नेमकं हेच चाललं होतं. जोराने पॅकेटांचा मारा केला की लॅबमधलं एक मशीन पडायचं. कुठे पडतंय ते कळावं म्हणून तिने कोडमध्ये नोंदी करणाऱ्या ओळी घातल्या, आणि पडणं थांबलं. ओळी काढल्या, पुन्हा पडलं. या धंद्यातल्या कुणालाही याचा अर्थ झोपेत सांगता येतो: नोंद लिहिण्यात एक प्रोसेसर क्षणभर रेंगाळतो, दोघांची गाठ चुकते, आणि चूक होत नाही. म्हणजे चोर नाही, गाठ आहे. तिलाही हे माहीत होतं. ऑफिसच्या टेबलाशी बसली असताना पूर्ण माहीत होतं. पण ती आईच्या घराचा जिना चढायची तेव्हा हे ज्ञान बहुतेक खालीच थांबायचं. आणि ऑफिसातसुद्धा तिचा सगळा रोख प्राध्यापकावर होता, कारण शेवटचा बदल त्याचा होता. त्याने टायमर नवीन लिहिला होता. बराच वेळ गप्प राहिलेलं कनेक्शन तो टायमर मोडीत काढायचा. त्या कोडची एकेक ओळ ती नखाने खरवडल्यासारखी वाचत होती. तो चहाला बोलवायचा तेव्हा ती नंतर येते म्हणायची. याला काय सांगायचं नाहीये, असा विचार करत त्याच्या पाठीकडे बघायची.

आठवडा संपल्यावर तिने सापळा बदलला. शेजारी बसून पकडता येत नाही, तर कानांनी पकडावं. दादा साधारण कधी येतो याचा तिला आता अंदाज होता, म्हणून तिने आपला फोन पुढे ढकलला, त्याच्या येण्याला जवळजवळ लावून. आधी ती बरीच लवकर करायची. आता ती बोलत असतानाच पलीकडे मागचं दार वाजायचं. "वाटी कशी आहे?" "सरळ." घोट. "आला बघ दादा. ठेवू?" आणि आई फोन ठेवून द्यायची, नेमकं पुढचं ऐकायचं असायचं तेव्हा. हिच्या हाती लागायचे ते दोन-चार आवाज. कडी. चपला. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज एकदा. पाणी कशाला? पाणी तर आई आत्ताच प्यायली. तिने तो आवाज जपून ठेवला, त्याच्यावर ऑफिसातली एक अख्खी बैठक बुडवून विचार केला. आईची चक्कर आता रोजची झाली होती. दुपारी फोन केला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. प्रत्येक चकरेबरोबर हिचा संशय पक्का व्हायचा, आणि संशय पक्का झाला की फोन आणखी थोडा पुढे सरकायचा, त्याच्या पावलांच्या आणखी जवळ.

मग आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं, कपाळाला फरशीची कड लागली. शेजारणीने दादाला कळवलं आणि दादाने हिला. "रविवारी नेतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. रडला असावा, किंवा रडल्यासारखं करत असावा. "ती नाही म्हणतेय. म्हणते, इथून हलवलंत की मी संपले समजा. पण मला आता ऐकायचं नाही. फरशी बदलू म्हणाली, फौजदार. फरशी बदला, मी पडणार नाही, म्हणते." जिथे पडतं तिथे चूक नसते, हे तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. रविवारपर्यंत काही केलं नाही तर आईचं घर जाणार होतं आणि घराबरोबर आईसुद्धा, हे तिला दिसत होतं. दादाला समोर बसवून विचारायचं, बस्स. पुरावा नव्हता, नाही तर नाही.

पण दुसऱ्या दिवशी आधी ऑफिसातल्या मशीनचं काम समोर उभं राहिलं. वरचे लोक मागे लागले होते, आणि प्राध्यापकाने तिला जवळजवळ दंडाला धरून फळ्यापाशी नेलं. या कामात एक जुनी रीत आहे. दोघांची गाठ कुठे पडते ते दाखवायचं असलं की मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे एक प्रोसेसर, उजवीकडे दुसरा, आणि वेळ वरून खाली वाहते असं धरून कोण काय करतो ते ओळीओळीने लिहायचं. दुरुस्ती पाठवताना तिच्यासोबत ही आकृती नसली तर कुणी ती वाचतसुद्धा नाही. तिने खडू घेतला आणि उजव्या रकान्यात भराभर लिहीत सुटली. टायमर उठतो. कनेक्शन जिवंत आहे का बघतो. आहे. मेलं अशी खूण करतो. फेकून देतो. तिने खूण या शब्दाखाली दोनदा रेघ मारली आणि प्राध्यापकाकडे वळून म्हणाली, "तुझं इथेच काहीतरी आहे. मला माहीत आहे."

"काय आहे?"

"ते सापडेल."

"अगं, पण तू सगळं माझ्याच रकान्यात लिहितेस," तो म्हणाला. रागावून नाही, त्याला रागावता यायचं नाही, तो समजावायला लागायचा. "डावा रकाना रिकामा ठेवल्यावर गाठ कुणाची कुणाशी दिसणार? डावीकडे तुझंच आहे, कनेक्शन बंद करायचं. लिही की."

कनेक्शन बंद करण्याचा भाग खरंच तिचा होता, फार जुना, तिच्या अभिमानाचा. तिने डावीकडे लिहिलं. जिवंत आहे का बघतो. आहे. लिहिताना खडू उजवीकडच्या त्याच ओळीच्या शेजारी आला. दोघांनीही बघितलं होतं. दोघांनाही जिवंत दिसलं होतं, कारण बघणं आणि खूण करणं यांच्यामध्ये एक फट होती आणि दोघेही त्याच फटीत उभे होते. मग दोघांनीही खूण केली. दोघांनीही फेकलं. नंतर कुणी येऊन खूण बघितली असती तर ती अगदी बरोबर असती. मेलं, असंच दिसलं असतं. दोनदा मेलं, हे कुठेच दिसलं नसतं. "दोघांचंही बरोबर आहे," प्राध्यापक मागून म्हणत होता, "म्हणून तर सापडत नव्हतं. बघायचं आणि खूण करायची, हे एकाच दमात करायला हवं, मध्ये कुणाला शिरकाव नाही..." तिला पुढचं ऐकू आलं नाही. वाटी सरळ आहे का बघते. आहे. गोळी देते. उजवीकडे: वाटी सरळ आहे का बघतो. आहे. गोळी देतो. आणि आई गुडघे धरत बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत वाटी आधीच पालथी. रोज संध्याकाळी, ज्याने बघावं त्याला, एकदा पालथी. तिने डाव्या रकान्याच्या माथ्यावर मी असं लिहिलं. फोन पुढे सरकवला होता तो तिने. त्याच्या पावलांशी जुळवून, दिवसेंदिवस जवळ आणून, ती फट तिने स्वतः रुंद केली होती. न्हाणीघराची फरशी नव्हे, दादा नव्हे. तिने खडू खाली ठेवला. प्राध्यापक म्हणाला, "काय झालं? तुला बरं वाटत नाहीये का?" तिने त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला बहुधा कळलं नाही.

दादा आईच्या कपाटासमोर मांडी घालून बसला होता. कपड्यांची गाठोडी झाली होती आणि एका पेटीला तो दोरी बांधत होता. आई आतल्या खोलीत पडली होती. "आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "ह्याचं टोक धर."

"दादा, सकाळी गोळी तू देतोस?"

"वाटी सरळ असली तर देतो."

"आणि पालथी असली तर?"

"तर कशाला देऊ? कायदा तुझाच ना?" त्याने दोरी आवळली. "पण पालथी असते कुठे हल्ली? आधी अधूनमधून सरळ दिसायची, आता रोज सरळ. मला वाटलं, तू फोन करायचं सोडलंस. आई म्हणते, करते हो, रोज करते. मला वाटलं, लेकीची बाजू सावरतेय. म्हणून मीच पाकीट आणून ठेवलं. म्हटलं, तुला कामं असतात, कशाला बोला."

तिने हातातलं दोरीचं टोक खाली ठेवलं. म्हणजे इतके दिवस तोही तिच्यावर पाळत ठेवून होता, आपल्या मऊ, न बोलणाऱ्या पद्धतीने. "मी रोज करते फोन," ती म्हणाली. "रोज गोळी घ्यायला लावते. तू यायच्या जरा आधी."

दादाचे हात थांबले. मोटार शिकवणाऱ्या माणसाला धडक व्हायच्या आधी दिसते. "म्हणजे दोन?"

"आधी कधीमधी झालं असेल. मी फोनची वेळ बदलल्यापासून रोज."

"का बदललीस?"

खोटं बोलता आलं असतं. ऑफिसची वेळ बदलली म्हणता आलं असतं, त्याने ते मानलंही असतं. "तुला पकडायला," ती म्हणाली. "मला वाटलं, तू तिला मुद्दाम जास्त देतोस. तिने इथून हलावं म्हणून." हे वाक्य मोठ्याने म्हटल्यावर किती घाण आहे ते तिला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तिला रडू फुटलं. दादा तिच्याकडे बघत नव्हता. दोरीच्या गाठीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "पकडलंस मग." एवढंच म्हणाला. तिला वाटलं, याने ओरडायला हवं होतं.

"काय रे, भांडताय का?" आई दारात उभी होती. मनगटाला पट्टी, कपाळावर निळं टेंगूळ. दादाने उठून तिला खुर्चीत बसवलं आणि तिने नाक पुसून आईला सगळं सांगितलं. फळ्यावरच्यासारखं, ओळीओळीने. तू फोनवर गोळी घेतेस. मग वाटी पालथी घालायला उठतेस. तुझे गुडघे दुखतात, तुला वेळ लागतो. तेवढ्यात दादा येतो, त्याला वाटी सरळ दिसते. तुझी चूक नाही, त्याची नाही. माझी युक्तीच फुटकी होती. आई ऐकत होती. शब्दकोड्यातला शब्द ठाऊक असून दुसऱ्याला सुचायची वाट बघताना तिचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"कसला वेळ?" ती म्हणाली. "दोन पावलांवर तर स्वयंपाकघर."

"मग वाटी सरळ कशी राहते?"

"राहते."

"आई, राहते म्हणजे काय?"

आईने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मी ठेवते," ती म्हणाली. "एकदा चुकून राहिली. हा आला, सरळ दिसली, तर चपला काढल्या, पाणी ओतलं, गोळी हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत तिथेच स्टुलावर बसला. पालथी दिसली की दारातूनच वळतो. झाली ना, निघतो. मग मी कधीमधी राहू द्यायला लागले. हल्ली तर तुझा फोन ठेवेपर्यंत हा येतोच. म्हटलं, उठून पालथी घालायची तरी कशाला? गोळी मी हळूहळू गिळते. परवा तो लाल मोटारवाल्या बाईंची गंमत सांगत होता. गिअर समजून बाईंनी हँडब्रेकच ओढला म्हणे." ती हसली आणि दोघांकडे आळीपाळीने बघून थांबली. "एका गोळीनं एवढं होत असेल असं नाही वाटलं मला. चक्कर काय, वयानं येते."

"अगं, पण मला तरी सांगायचंस! मी रोज फोन करते, रोज..."

"करतेस की," आई म्हणाली. "घेतली म्हटलं की तू म्हणतेस, बरं, ठेवते. नाही घेतली म्हटलं की थांबतेस."

तिला राग आला होता, भयंकर राग; मेली असतीस, असं ती ओरडली आणि आई शांतपणे म्हणाली, मेले नाही ना. मग तो राग कुणावर काढायचा ते तिला कळेना. इतकी वर्षं ती दोन रकाने आखत आली होती. यात हा, त्यात तो, आणि मधल्या रेघेवर ती वस्तू, जिला दोघेही हात घालतात. त्या वस्तूला रकाना नसतो. ती जिवंत की मेलेली एवढंच विचारायचं असतं. तिला खारट भाजीचं ते ताट आठवलं, आणि मान खाली घालून ते संपवणारी आई. दोघांनी घातलंय ना आठवणीने, मग टाकायचं कसं, असं तेव्हाही काहीतरी वाटलं असेल तिला. दादा खाली वाकून दोरी सोडत होता. गाठ त्यानेच इतकी घट्ट मारली होती की नखांनी सुटेना, शेवटी सुरी आणून कापली. कपडे परत कपाटात कुणी कसे लावायचे यावरून आईने दोघांनाही रागावून घेतलं. डॉक्टरना फोन झाला. रविवारी कुणीच कुठे गेलं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी तिने ऑफिसच्या वाटेवरून फोन लावला, पुन्हा पूर्वीच्या वेळेला, लवकर. दादाला यायला अवकाश होता. गोळी आता आई स्वतः घेत होती, एकाच पाकिटातून; तारखा छापलेलं पाकीट होतं ते. "घेतली," आईने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "आणि ती तुझी वाटी काढली तिथून. मीठ ठेवलंय तिच्यात."

"बरं," ती म्हणाली. ठेवते हा शब्द सवयीने ओठांवर आला होता. तिने तो तसाच धरून ठेवला. रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकलत होतं, सिग्नलपाशी माणसं ओलांडायला थांबली होती. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता, घड्याळ ऐकू येत होतं. गोळीशिवाय आईला काय विचारतात? सिग्नल बदलला, माणसं गेली, ती तिथेच फोन कानाला लावून उभी राहिली.

"का गं?" आईने विचारलं. आवाजात संशय होता. "ठेवत का नाहीस? काय झालंय? खरं सांग."